जॉर्ज विटेट आणि मुंबईच्या वास्तुकलेतील प्रादेशिकतेचा प्रश्न

१. प्रास्ताविक

मुंबईच्या वास्तूंचा विचार करताना आपल्याकडील इतिहासलेखनाने सामान्यतः दोन मार्ग पत्करलेले दिसतात. पहिला मार्ग वर्णनाचा. त्यात इमारतीचे नाव, कोनशिलेची तारीख, खर्चाचा आकडा आणि उद्घाटन करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव एवढ्यावर भागते. दुसरा मार्ग निवाड्याचा. परकी सत्तेने उभारलेली वास्तू म्हणजे त्या सत्तेचे प्रदर्शन, असे एकदा म्हटले की ह्या मार्गाने जाणाऱ्यास पुढे पाहण्यासारखे काही उरत नाही. ह्या दोन्ही मार्गांनी वास्तू हे स्वतःच एक ऐतिहासिक साधन आहे ही गोष्ट नजरेआड होते. बखर किंवा सनद ह्यांची जशी अंतर्गत चिकित्सा करावी लागते, तशीच दगड, कमान आणि घुमट ह्यांचीही करावी लागते.

प्रस्तुत निबंधात जॉर्ज विटेट ह्या वास्तुशिल्पज्ञाच्या मुंबईतील कार्याची अशी चिकित्सा करण्याचा हेतू आहे. वस्तुसंग्रहालय, गेट वे ऑफ इंडिया, विज्ञान संस्था, बॅलार्ड इस्टेट, के. ई. एम. रुग्णालय आणि बॉम्बे हाउस ह्या सर्व वास्तूंशी ह्या एका माणसाचे नाव निगडित आहे. त्याचा उल्लेख 'भारतीय-सारसेनिक' शैलीचा पुरस्कर्ता म्हणून नेहमी केला जातो. परंतु हे बिरुद पुरेसे नाही. ज्याने विजापूरच्या घुमटाचा आधार घेतला त्यानेच त्याच वर्षांत युरोपीय पुनरुज्जीवनकालीन धाटणीची एक संपूर्ण वसाहत आखली. तेव्हा त्याच्या कामातील प्रादेशिकता नेमकी कोणती, ती कोठून आली आणि तिची मर्यादा कोणती, हे पाहणे अगत्याचे ठरते.

२. पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या कोटाबाहेरील मैदानालगत ज्या सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या त्यांची शैली मुख्यत्वे गॉथिक होती. विद्यापीठाची इमारत आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई मनोरा ह्यांचा आराखडा सर गिल्बर्ट स्कॉट ह्याने केला. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचे व्हिक्टोरिया टर्मिनस १८७८ मध्ये सुरू झाले. पुढे स्टीव्हन्सने महानगरपालिकेच्या इमारतीत (१८९३) आणि चर्चगेट येथील बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या कचेरीत गॉथिक सांगाड्यावर पौर्वात्य घुमटांची जोड दिली. १९०० मध्ये स्टीव्हन्स मरण पावला आणि मुंबईच्या वास्तुकलेतील एक पर्व संपले.

मात्र स्थानिक रूपांचा वापर स्टीव्हन्सपासूनच सुरू झाला असे नव्हे. कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधणाऱ्या चार्ल्स मँटने त्यापूर्वीच ह्या दिशेने प्रयत्न केले होते, आणि ते संस्थानिकांच्या आश्रयाने झाले होते. दुसरी लक्षात घेण्यासारखी बाब अशी की १९०३ मध्ये उघडलेल्या ताजमहाल हॉटेलचे मूळ आराखडे सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा ह्या भारतीय वास्तुशिल्पज्ञांनी केले होते. त्याची पूर्तता मात्र डब्ल्यू. ए. चेंबर्स ह्याच्या हातून झाली. अपोलो बंदरावर विटेटची कमान उभी राहण्याच्या वीस वर्षे आधी तिच्या अगदी समोर घुमटाची एक भव्य वास्तू भारतीय कल्पकतेतून साकार झाली होती, हे विसरता कामा नये.

त्याच सुमारास ह्या प्रदेशातील जुन्या वास्तूंविषयीचे ज्ञान ग्रंथरूपाने उपलब्ध होत होते. मेडोज टेलर आणि जेम्स फर्ग्युसन ह्यांचा विजापूरच्या वास्तूंवरील ग्रंथ १८६६ मध्ये निघाला होता. जेम्स बर्जेसचे अहमदाबादच्या मुसलमानी वास्तूंवरील खंड १९०० व १९०५ मध्ये प्रसिद्ध झाले. हेन्री कझिन्सचा विजापूरवरील बृहद्ग्रंथ १९१६ चा असला तरी त्यामागील मोजमापे आणि रेखाटने त्यापूर्वीच्या अनेक वर्षांची होती. विजापूर आणि अहमदाबाद हे दोन्ही जिल्हे मुंबई इलाख्यात मोडत. तेव्हा मुंबईच्या सरकारी वास्तुशिल्पज्ञाच्या दृष्टीने 'प्रदेश' म्हणजे काय, ह्याचे उत्तर एका अर्थी इलाख्याच्या नकाशाने आणि पुराणवस्तुखात्याच्या ग्रंथांनी अगोदरच देऊन ठेवले होते.

३. शिक्षण आणि बेगचा सहवास

जॉर्ज विटेटचा जन्म स्कॉटलंडमधील ब्लेअर अ‍ॅथोल येथे २६ नोव्हेंबर १८७८ रोजी झाला. पर्थ येथील हायटन ह्या वास्तुशिल्पज्ञाच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली आणि नंतर एडिंबरो व यॉर्क येथे काम केले. १९०४ मध्ये तो मुंबईस आला. त्या वेळी जॉन बेग हा मुंबई सरकारचा सल्लागार वास्तुशिल्पज्ञ होता आणि विटेट त्याचा साहाय्यक झाला.

सल्लागार वास्तुशिल्पज्ञ हे पद त्या काळी नवेच होते. तोवर सरकारी इमारतींचे काम सार्वजनिक बांधकाम खात्यातील अभियंते पाहत आणि त्यांतील बहुतेकांचे शिक्षण लष्करी किंवा स्थापत्यविषयक असे. आराखडा करणारा व बांधकामावर देखरेख करणारा ह्यांत फारसा भेद केला जात नसे. नव्या पदामुळे हा भेद निर्माण झाला. वास्तूचे रूप ठरविणे हे स्वतंत्र ज्ञानाचे व अधिकाराचे क्षेत्र मानले जाऊ लागले. विटेटच्या कार्याचा अर्थ लावताना ही प्रशासकीय पार्श्वभूमी महत्त्वाची आहे, कारण त्याचे बहुतेक गाजलेले काम ह्या पदाच्या अधिकारात झाले.

बेगच्या मुंबईतील कार्यात जनरल पोस्ट ऑफिसची इमारत प्रमुख होय. १९०४ मध्ये तिचे काम सुरू झाले व १९१३ मध्ये ते पूर्ण झाले. तिच्या मधल्या दालनावरील घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून सुचलेला आहे, आणि विटेटचा ह्या कामाशी निकटचा संबंध होता. तारा, मनिऑर्डरी आणि टपाल ह्यांचे व्यवहार जेथे चालायचे अशा दालनासाठी आदिलशाही कबरीचे रूप योजावे, ही कल्पना प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु मोठा जनसमुदाय एका छताखाली, मध्ये खांब न घालता सामावून घेण्याची निकड दोन्ही ठिकाणी सारखीच होती. रूपामागील ही गरज विटेटने ओळखली होती, असे त्याच्या पुढील कामावरून म्हणता येते. बेग हिंदुस्थान सरकारच्या सेवेत गेल्यावर मुंबईचे पद विटेटकडे आले.

४. वस्तुसंग्रहालय

प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीचे स्मारक म्हणून मुंबईत एक वस्तुसंग्रहालय उभारावे असे शहरातील प्रमुख नागरिकांनी ठरविले, आणि ११ नोव्हेंबर १९०५ रोजी त्या राजपुत्राच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. पुढे १९०७ मध्ये सरकारने 'क्रेसेंट साइट' नावाची अर्धचंद्राकृती जागा दिली. १९०९ मध्ये आराखड्यांची खुली स्पर्धा झाली आणि विटेटची निवड झाली. इमारत पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभकाळात तयार झाली, परंतु युद्धकाळात तिचा उपयोग लष्करी रुग्णालयासाठी करण्यात आला. संग्रहालय म्हणून ती १० जानेवारी १९२२ रोजी, गव्हर्नरांच्या पत्नी लेडी लॉइड ह्यांच्या हस्ते खुली झाली. १९९८ मध्ये तिचे नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय असे झाले.

वास्तू तीन मजली आहे. कुर्ल्याचा करडा पाषाण आणि मालाडचा पिवळसर दगड ह्यांनी ती बांधलेली आहे. मधोमध मोठा घुमट असून त्याच्याभोवती लहान घुमट्या धारण करणाऱ्या मनोऱ्यांचा मेळा आहे. घुमटाचे बाह्यरूप गोवळकोंड्याच्या परंपरेशी नाते सांगते, तर आतील कमानींची गुंफण विजापूरची आहे. पुढे आलेले सज्जे, छज्जे, दगडी जाळ्या आणि नक्षीदार फरशी ह्यांत अहमदाबाद आणि मोगल वास्तुकला ह्यांच्या आठवणी आहेत. एवढ्या विविध स्थळांहून घेतलेले घटक एकत्र आणताना वास्तूची कडबोळ्यासारखी अवस्था होण्याचा धोका असतो. विटेटने तो टाळला. कसा टाळला, हे पाहण्यासाठी मूळ विजापूरच्या वास्तूकडे क्षणभर वळले पाहिजे.

मुहंमद आदिलशहा १६५६ मध्ये मरण पावला. त्याच्या कबरीवरील गोल घुमटाचे आतील दालन चौरस असून त्याची प्रत्येक बाजू सुमारे १३५ फूट आहे. चौकोनावर वर्तुळ बसवावयाचे ही घुमटरचनेतील मूळ अडचण. विजापूरच्या कारागिरांनी ती अशी सोडविली की दालनाच्या भिंतींलगत परस्परांना छेदणाऱ्या आठ कमानी घातल्या. दोन चौरस एकमेकांवर तिरपे ठेवले असता जी अष्टकोनी आकृती निर्माण होते, तीच ह्या कमानींची बैठक होय. ह्या कमानी जसजशा वर जातात तसतशा आत झुकतात, मोकळी जागा क्रमाने कमी होते आणि चौकोनाचे रूपांतर वर्तुळात होते. शिवाय आत झुकलेल्या ह्या दगडी वस्तुमानाचा भार घुमटाच्या बाहेर ढकलणाऱ्या जोराला तोल देतो. फर्ग्युसनने ह्या रचनेची वाखाणणी केली ती ह्या कारणाने. शोभा आणि बळ ह्या दोहोंचे काम तेथे एकाच घटकाने केले आहे.

संग्रहालयाच्या मध्यवर्ती दालनात उभे राहून वर पाहिले असता हीच गुंफलेल्या कमानींची रचना लहान प्रमाणावर दिसते. विटेटने विजापूरहून बाह्य अलंकाराऐवजी रचनेचे तत्त्व उचलले आणि त्याभोवती बाकीचे घटक बसविले. म्हणूनच बाहेरून अनेक स्मृती जागविणारी ही वास्तू आत एकसंध वाटते. पाहुणा प्रवेश करतो, उंच प्रकाशमान अवकाशाखाली येतो आणि तेथून दोन्ही बाजूंच्या दालनांकडे वळतो. संग्रहालयाला हवा असलेला मार्ग आणि घुमटाला हवे असलेले केंद्र ह्यांचा मेळ येथे बसला आहे.

ह्याच दालनात आणखी एक गोष्ट आहे आणि मराठी अभ्यासकाला ती विशेष विचार करावयास लावणारी आहे. नाशिक येथील एका वाड्यातील अठराव्या शतकाचा लाकडी कमानदार मंडप संग्रहालयाने विकत घेतला आणि विटेटने तो प्रवेशदालनात, वर्तुळाकार कठड्याशी जुळवून बसविला. सुरूच्या आकाराचे खांब, महिरपी आणि कोरीव तुळया हे पेशवाई काळच्या वाड्याचे परिचित वैशिष्ट्य. संग्रहालयाच्या घुमटाखाली आदिलशाही रचना व मराठेशाहीतील सुतारकाम अशा रीतीने समोरासमोर आले आहे. परंतु त्यांचा दर्जा समान नाही. विजापूरचे तत्त्व इमारत पेलते, तर नाशिकचा मंडप इमारतीत मांडलेला आहे. मराठी वाड्याची परंपरा विटेटला सुंदर वाटली, जपण्यायोग्य वाटली, पण तिच्यातून सार्वजनिक वास्तूची रचना काढता येईल असे त्याला वाटले नसावे. त्याचे एक कारण उघड आहे. वाडा चौकाभोवती आतल्या बाजूस वळलेला असतो, रस्त्याकडे तो जवळजवळ पाठ करून उभा राहतो. साम्राज्याच्या सार्वजनिक इमारतीला मात्र रस्त्याकडे तोंड करून उभे राहावयाचे होते. दर्शनी भाग हीच तिची भाषा होती. म्हणून तिला घुमट उपयोगी पडला, चौक पडला नाही.

५. गेट वे ऑफ इंडिया

२ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा आजची कमान तेथे नव्हती. तिची कोनशिला तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम ह्याने ३१ मार्च १९१३ रोजी बसविली आणि विटेटचा अखेरचा आराखडा ऑगस्ट १९१४ मध्ये मंजूर झाला. १९१५ ते १९१९ ह्या काळात समुद्रात भराव घालून जमीन तयार करण्यात आली. पायाचे काम १९२० मध्ये संपले व बांधकाम १९२४ मध्ये पूर्ण झाले. ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग ह्याने उद्घाटन केले. एकूण खर्च सुमारे २१ लाख रुपये आला आणि तो मुख्यतः हिंदुस्थान सरकारने सोसला. कंत्राटदार म्हणून रावबहादूर यशवंतराव हरिश्चंद्र देसाई ह्यांचे नाव सांगितले जाते.

कल्पना युरोपीय विजयकमानीची, तपशील गुजरातेतील सोळाव्या शतकातील वास्तूंचा, दगड मालाडनजीकच्या खरोडीचा पिवळा, जाळ्या ग्वाल्हेरच्या आणि अंतर्भागात प्रबलित काँक्रीट, असा ह्या वास्तूचा घाट आहे. मधल्या घुमटाचा व्यास ४८ फूट असून त्याची सर्वोच्च उंची जमिनीपासून ८३ फूट आहे. चारही कोपऱ्यांशी मनोरे आहेत आणि कमानीच्या दोन्ही अंगांस प्रत्येकी सुमारे ६०० माणसे मावतील अशी दालने आहेत. हा घुमट मात्र खालून सहज नजरेत भरत नाही. समुद्राकडून येणाऱ्यास दिसते ती कमान. संग्रहालयात घुमट प्रधान होता, येथे तो गौण आहे. एकाच शब्दसंग्रहातून दोन निरनिराळी वाक्ये रचण्याची विटेटची शक्ती ह्यातून दिसते.

संग्रहालय आणि गेट वे ह्यांच्यामधील काळात साम्राज्याच्या वास्तुविषयक धोरणात मोठी उलथापालथ झाली. पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरल्यापासून दहाव्या दिवशी, १२ डिसेंबर १९११ रोजी, दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून हलविण्याची घोषणा झाली. नव्या राजधानीची शैली कोणती असावी ह्याविषयी तीव्र वाद माजला. ई. बी. हॅवेल ह्याने भारतीय स्थपती व कारागीर ह्यांच्या हाती काम द्यावे असा आग्रह १९१३ च्या आपल्या ग्रंथात धरला, तर एडविन लच्युन्सला भारतीय-सारसेनिक शैलीचे वावडे होते. अखेरीस दिल्लीत अभिजात युरोपीय मांडणीवर भारतीय घटकांचे मोजके संस्कार झाले. मुंबईची कमान त्याच वर्षांत, त्याच राजाच्या आगमनाचे स्मारक म्हणून, परंतु वेगळ्या मार्गाने उभी राहत होती. विटेटने ह्या वादाला लेखणीने उत्तर देण्यापेक्षा बांधकामाने उत्तर दिले.

गेट वेच्या इतिहासातील एक तपशील उपेक्षिला जातो. कमानीपासून शहराकडे जाणारा एक भव्य सरळ मार्ग योजिला होता. पैशांच्या अभावी तो कधीच झाला नाही, आणि म्हणून ही वास्तू आज तिच्याकडे येणाऱ्या रस्त्याशी तिरकी उभी आहे. ज्या मिरवणुकीसाठी दार बांधले तिचा रस्ताच आखला गेला नाही. साम्राज्याच्या महत्त्वाकांक्षा आणि त्याची महायुद्धोत्तर आर्थिक स्थिती ह्यांतील अंतर ह्या तिरकेपणात मोजता येते. ह्या कमानीचा अखेरचा साम्राज्यविषयक उपयोगही उलट दिशेचा ठरला. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण ह्याच कमानीखालून बाहेर पडली आणि स्वतंत्र भारतातील ब्रिटिश सैन्याचे वास्तव्य संपले. राजाच्या आगमनाचे स्मारक उद्घाटनानंतर चोवीस वर्षांच्या आत त्याच्या सैन्याच्या निर्गमनाचे स्थान झाले.

६. दुसरी शैली : विज्ञान संस्था आणि बॅलार्ड इस्टेट

विटेट केवळ घुमटांचा वास्तुशिल्पज्ञ असता तर त्याचे मूल्यमापन सोपे झाले असते. परंतु संग्रहालयापासून हाकेच्या अंतरावर त्यानेच आखलेली विज्ञान संस्था आहे. १९११ मध्ये तिची पायाभरणी झाली व १९२० मध्ये संस्था सुरू झाली. सर कावसजी जहांगीर, सर जेकब ससून, सर करीमभाई इब्राहिम आणि सर वसनजी मुळजी ह्यांच्या देणग्यांतून हा समूह उभा राहिला. पारशी, ज्यू, खोजा आणि जैन अशा चार समाजांतील धनिकांनी एका विज्ञानसंस्थेसाठी एकत्र येणे हे त्या काळच्या मुंबईचे वैशिष्ट्य होय. तेथे दगड तोच खरोडीचा पिवळा आहे, पण धाटणी पुनरुज्जीवनकालीन युरोपीय. त्याच समूहातील कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे.

बॅलार्ड इस्टेटचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९१४ मध्ये खुल्या झालेल्या अलेक्झांड्रा गोदीच्या खोदकामातून निघालेल्या मातीदगडांनी भराव घालून बंदर-विश्वस्त मंडळाने सुमारे २२ एकर जमीन निर्माण केली आणि मंडळाचे संस्थापक कर्नल बॅलार्ड ह्याचे नाव तिला दिले. ह्या वसाहतीची आखणी विटेटने केली. इमारती निरनिराळ्या कंपन्यांच्या असल्या तरी त्यांची उंची, दर्शनी भागाची ठेवण आणि रस्त्याशी असलेले नाते ह्यांत एकसूत्रता राखण्यात आली. लंडनमधील एखाद्या व्यापारी पेठेत आल्याचा भास तेथे आजही होतो. घुमट नाही, जाळी नाही, विजापूर नाही. कराचीतील बंदर-विश्वस्त मंडळाची इमारत (१९१६) देखील विटेटचीच. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्यात होता.

ह्यावरून एक अनुमान निघते. विटेटच्या दृष्टीने शैली हा श्रद्धेपेक्षा औचित्याचा विषय होता. जेथे सत्तेला प्रजेशी बोलावयाचे होते, म्हणजे संग्रहालय आणि प्रवेशद्वार येथे, तेथे त्याने दख्खन व गुजरात ह्यांची भाषा वापरली. जेथे व्यापार जगाशी बोलत होता आणि विज्ञान स्वतःला सार्वत्रिक मानत होते, तेथे त्याने युरोपची भाषा वापरली. म्हणजे 'प्रादेशिक' आणि 'सार्वत्रिक' ह्यांची वाटणी आधीच झालेली होती. भूतकाळ, कला आणि समारंभ प्रदेशाच्या वाट्याला, तर भांडवल, दळणवळण आणि विज्ञान युरोपच्या वाट्याला. ही वाटणी विटेटने निर्माण केली नाही. ती त्याच्या काळाच्या विचारात मुरलेली होती. परंतु तिला दगडी रूप देण्याचे काम त्याने इतक्या कुशलतेने केले की आपल्याला ती आज स्वाभाविक वाटते.

७. सरकारी सेवेनंतर

१९१९ मध्ये विटेटने सरकारी नोकरी सोडली आणि टाटांच्या अभियांत्रिकी कंपनीत तो इमारत विभागाचा प्रमुख झाला. मालाड दगडात बांधलेले बॉम्बे हाउस (१९२४) हे टाटा उद्योगसमूहाचे मुख्यालय ह्या काळातील. त्याचे रूप संयत आहे. भव्यतेचा मोह त्यात नाही.

ह्याच काळात परळच्या गिरणगावात के. ई. एम. रुग्णालय, सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह ह्या वास्तूंचे काम झाले. १९२६ मध्ये सुरू झालेल्या ह्या महाविद्यालयाच्या देणगीमागे एक अट होती. तेथील अध्यापक भारतीयच असावेत, अशी विश्वस्तांची मागणी होती. डॉ. जीवराज मेहता हे संस्थेचे पहिले अधिष्ठाते झाले. परकी राजाच्या नावाने चालणारे, महानगरपालिकेचे, भारतीय दात्यांच्या अटीवर भारतीय डॉक्टरांनी चालवावयाचे रुग्णालय, आणि त्याचा आराखडा साम्राज्याच्या प्रवेशद्वाराचा आराखडा करणाऱ्याचाच! विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील मुंबईचे सारे ताणेबाणे ह्या एका उदाहरणात एकवटले आहेत. वास्तुशिल्पज्ञाचा आश्रयदाता बदलला होता. सरकारच्या जागी उद्योगपती व नगरसंस्था आल्या होत्या, आणि बदलत्या आश्रयाबरोबर विटेटची वास्तू समारंभाकडून उपयुक्ततेकडे सरकली.

त्याच वर्षी, ११ सप्टेंबर १९२६ रोजी, अतिसाराच्या तीव्र विकाराने विटेट मुंबईत मरण पावला. त्या वेळी त्याचे वय ४७ वर्षांचे होते. शिवडीच्या दफनभूमीत त्याचे दफन झाले. पटकी, प्लेग आणि अतिसार ह्यांच्याशी झगडणाऱ्या शहरासाठी रुग्णालये आखणाऱ्या ह्या माणसाचा अंत त्याच शहराच्या रोगाने व्हावा, हा दैवदुर्विलास होय.

८. व्यवसाय आणि विद्यार्थी

विटेटच्या कार्याचा आणखी एक पैलू इमारतींहून कमी दृश्य असला तरी परिणामाने कमी नाही. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत नकाशे काढणाऱ्यांचा वर्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला होता. त्याचा उद्देश मुख्यतः इंग्रज वास्तुशिल्पज्ञांना मदतनीस पुरविण्याचा होता. पुढे बेगच्या पुढाकाराने त्याला वास्तुकलेच्या शिक्षणाचे स्वरूप आले आणि १९१३ च्या सुमारास चार वर्षांचा अभ्यासक्रम आखला गेला. १२ मे १९१७ रोजी ह्या विभागाच्या माजी विद्यार्थ्यांनी आपली संघटना स्थापन केली व विटेट तिचा पहिला अध्यक्ष झाला. १९२२ मध्ये ती मुंबई वास्तुशिल्पज्ञ संघ ह्या रूपात आणि २ सप्टेंबर १९२९ रोजी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स ह्या रूपात परिणत झाली.

ह्या घटनेचा अर्थ दुहेरी आहे. एकीकडे, मदतनीस म्हणून तयार झालेल्या भारतीय तरुणांना स्वतंत्र व्यावसायिक म्हणून उभे राहण्याचा मार्ग तिने खुला केला. दुसरीकडे, वास्तुशिल्पज्ञ आणि कारागीर ह्यांच्यामधील दरी तिने कायम केली. विजापूरचा घुमट ज्यांनी रचला त्यांच्या ठायी कल्पना आणि हातोडी ह्यांची फारकत झालेली नव्हती. विटेटच्या कमानी मात्र कार्यालयातील कागदावर जन्मल्या आणि पाथरवट व गवंडी ह्यांनी त्या कागदाबरहुकूम घडविल्या. हॅवेलचा मूळ आक्षेप हाच होता. जुनी रूपे वापरली म्हणजे जुनी परंपरा जिवंत राहिली असे होत नाही. परंपरा ही रूपांत नसून घडविणाऱ्यांच्या ज्ञानात असते. विटेटच्या वास्तूंना हा आक्षेप पूर्णपणे लागू पडतो. मात्र हॅवेलच्या मार्गाने रुग्णालय किंवा वैज्ञानिक प्रयोगशाळा कशी उभी राहिली असती, ह्याचे उत्तर हॅवेलच्या लेखनात सापडत नाही, हेही तितकेच खरे.

९. मूल्यमापन

वरील विवेचनावरून प्रादेशिकतेचे तीन अर्थ वेगळे करता येतात. पहिला अर्थ रूपाचा : घुमट, कमान, छज्जा, जाळी. दुसरा अर्थ द्रव्याचा : ह्या भूमीचा दगड आणि हिच्या हवामानाला अनुसरून केलेली सावलीची, वाऱ्याची योजना. तिसरा अर्थ कर्तृत्वाचा : वास्तू कोणाच्या ज्ञानातून आणि कोणाच्या निर्णयाने घडली.

रूपाच्या दृष्टीने विटेटची प्रादेशिकता डोळ्यांत भरणारी आहे, परंतु ती निवडक आहे. आदिलशाही, कुतुबशाही आणि गुजरातची सुलतानशाही ह्यांना तिच्यात स्थान आहे. ज्या प्रदेशात तो काम करीत होता त्या प्रदेशाच्या लोकांची वाडा, मंदिर आणि घाट ही परंपरा मात्र मंडपाच्या रूपाने दालनात येते, इमारतीच्या सांगाड्यात येत नाही. द्रव्याच्या दृष्टीने तो सर्वांत अधिक प्रादेशिक आहे आणि येथे शैलीचा भेद उरत नाही. संग्रहालय असो की विज्ञान संस्था, गेट वे असो की बॉम्बे हाउस, कुर्ला, मालाड आणि खरोडी येथील खाणींनीच त्या सर्वांना एक कूळ दिले आहे. पावसाळ्यानंतरच्या उन्हात ह्या वास्तूंचा पिवळसर रंग जो एकमेकांस ओळख देतो, तो कोणत्याही शैलीग्रंथातून आलेला नाही. कर्तृत्वाच्या दृष्टीने त्याची प्रादेशिकता सर्वांत दुबळी आहे, आणि तरीही १९१७ मध्ये त्याने ज्या विद्यार्थ्यांचे अध्यक्षपद पत्करले त्यांच्याच परंपरेतून पुढे ह्या उणिवेची भरपाई करणारे लोक निघाले.

हा भेद केवळ शास्त्रार्थाचा नाही. ह्या वास्तूंचे जतन करण्याची जबाबदारी आज आपल्यावर आहे, आणि काय जतन करावयाचे हे आपण प्रादेशिकता कशात मानतो ह्यावर ठरते. ती रूपात मानली तर बाह्य आकृती राखली की कर्तव्य संपले असे वाटेल. ती द्रव्यात मानली तर मालाडच्या खाणी बंद झाल्यानंतर त्या जातीचा दगड मिळविणे आणि तो घडविणारे हात टिकविणे हे मुख्य काम ठरते. शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीच्या संवर्धनाला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च सन्मान मिळाला, त्याचे महत्त्व ह्या दृष्टीने आहे. तेथे जुन्या बांधकामाचे ज्ञान नव्याने शिकावे लागते, आणि विटेटच्या काळी आराखडा व कारागिरी ह्यांत पडलेली दरी काही अंशी तरी बुजविण्याची संधी त्या कामात असते.

जॉर्ज विटेटने मुंबईत बावीस वर्षे काम केले. त्याने ह्या प्रदेशाचा भूतकाळ ग्रंथांतून वाचला, तो इलाख्याच्या सीमेत मोजला आणि साम्राज्याच्या कामी लावला. परंतु वास्तू तिच्या आश्रयदात्याच्या हेतूपाशी थांबत नाही. राजपुत्राच्या नावाचे संग्रहालय आज शिवछत्रपतींच्या नावाने ओळखले जाते, राजाच्या स्वागताची कमान नागरिकांच्या सभांची आणि सहलींची जागा झाली आहे, आणि परळचे रुग्णालय गिरणी कामगारांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्मृतीत वसले आहे. उभारणाऱ्याचा हेतू आणि वापरणाऱ्यांचा इतिहास हे दोन्ही पदर एकत्र वाचल्याखेरीज ह्या वास्तूंचा अर्थ पुरा होणार नाही.